तुलनेच्या गटातली मुलगी

प्रश्न १. मुलाचे नाव व वय.

स्पृहा धैर्यशील बारटक्के. पाच वर्षं चार महिने.

मागच्या खेपेला याच रकान्यात अंजूने चार वर्षं एक महिना असं लिहिलं होतं, आणि तेव्हा तिला त्या कागदाचं काहीच वाटलं नव्हतं. इथे आखातात, रुमैथियातल्या एका पांढऱ्या व्हिलात खाली दातांचा दवाखाना आणि वर ही प्रयोगशाळा. मराठी मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं होतं: लहान मुलं हवीत, दुखत नाही खुपत नाही, मुलाला खेळणं मिळतं आणि आईबापांना मुलाच्या मेंदूचा आलेख. अंजूला आलेख म्हटलं की राहवत नाही. ती सॉफ्टवेअर तपासते. एकच पडदा दिवसातून तीनशे वेळा बघायचा आणि तीनशे एकाव्या वेळी त्यात काय वेगळं झालं ते पकडायचं, हेच तिचं काम.

प्रश्न ४. मुलाच्या कानावर कोणत्या भाषा पडतात?

मराठी. इंग्रजी. थोडी हिंदी.

४ (अ). मँडरिन चिनी?

अजिबात नाही.

या 'अजिबात नाही'मुळेच स्पृहाला घेतलं होतं. इथल्या चिनी इंजिनियरांची मुलं हा एक गट आणि कधीच चिनी न ऐकलेली मुलं हा दुसरा, तुलनेचा गट. डोक्यावर जाळीदार टोपी, टोपीला बटणं, बटणांना वायरी. समोर आवाज बंद केलेलं कार्टून आणि कानात एकच अक्षर, पुन्हा पुन्हा, एकाच सुरात. मध्येच कधीतरी तेच अक्षर दुसऱ्या सुरात. मुलाने काही सांगायचं नाही, बटण दाबायचं नाही. त्याचं लक्ष कार्टूनमध्ये असतं, पण सूर बदलला की मेंदू आपोआप दचकतो, आणि ते दचकणं कागदावर रेघ होऊन उमटतं.

डॉक्टर फखरुन्निसा यांनी तेव्हा सगळं नीट समजावलं होतं. बाई मूळच्या हैदराबादच्या, बोलणं गोड, केस मेंदीने लाल. सुरांत फरक मोठा असेल, तर लहान मुलाची रेघही मोठ्यांसारखी खाली जाते. फरक बारीक असेल, म्हणजे चढता सूर आणि खाली जाऊन परत वर येणारा सूर, तर चार वर्षांच्या मुलाची रेघ उलटी, वर जाते. चिनी घरातलं मूल वाढत गेलं की हळूहळू तीही खाली वळते. जे मूल ती भाषा ऐकतच नाही, त्याची रेघ तशी वळावी असं कारण नसतं.

"म्हणजे वय रेघेत दिसतं?" अंजूने विचारलं होतं.

"वय भी, और कान में क्या पडा वो भी," बाई म्हणाल्या होत्या.

प्रश्न ७. आईवडील घरी नसताना मुलाला कोण सांभाळतं? नाव, नातं, पत्ता.

रत्नमाला. मुलीची सख्खी मावशी. सालमिया, अमुक बिल्डिंग, फ्लॅट बारा.

सख्खी कुठली? सालमियात प्रत्येक बिल्डिंगमध्ये अशा दोन-दोन मावश्या असतात. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या. त्यांना नोकरी करायची परवानगी नसते आणि घरी मुलं सांभाळायचीही नसते. म्हणून कुठल्याही कागदावर त्या मावशी, आत्या किंवा वहिनी होतात. सगळेच तसं लिहितात. अंजूनेही लिहिलं, एक क्षणही न थांबता.

रत्नमाला कुडाळची. तिचा नवरा तुकाराम सुलैबियाच्या एका शीतगृहात यंत्रं दुरुस्त करतो. शाळेची बस पाऊण वाजता स्पृहाला तिच्या दारात सोडायची आणि साडेपाचला अंजू ऑफिसमधून परस्पर यायची. सालमियात गाडी लावायला जागा मिळणं म्हणजे दिव्य. म्हणून खालून मिस्ड कॉल द्यायचा. रत्नमाला लिफ्टने पोरीला खाली आणून गाडीत बसवणार. दीड वर्षात अंजू त्या फ्लॅटमध्ये एकदाच गेली होती, अगदी पहिल्या दिवशी. हॉल बघितला, स्वयंपाकघर बघितलं. एक खोली बंद होती. "सामान भरलंय," रत्नमाला म्हणाली होती.

तेव्हा अंजूने एकच अट घातली होती. "माणसं आपलीच हवीत हं घरात. इकडची पोरं मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देतात. निदान दुपारभर तरी तिच्या कानावर मराठीच पडायला हवं."

"दुसरा काय पडणार?" रत्नमाला हसली होती.

दुसऱ्या चाचणीनंतर चौथ्या दिवशी, फोन.

"अंजूजी, घबराने की बात नहीं है," फखरुन्निसाबाईंनी सुरुवातच अशी केली, आणि अंजू घाबरली.

संध्याकाळी तिला दोन कागद दाखवले. पहिल्यावर, चार वर्षांची स्पृहा, बारीक फरकाची रेघ टेकडीसारखी वर चढलेली. दुसऱ्यावर, पाच वर्षांची, तीच रेघ खाली. खोल.

"ही तुलनेच्या गटातल्या मुलीची रेघ वाटत नाही," बाई हिंदीत सांगत होत्या. "एकाच मुलाच्या रेघेवरून मी काहीही सांगत नाही. मूल हललं, झोपाळलं तरी रेघ बिघडते. आम्ही साठ मुलांची सरासरी काढतो. पण असा कागद आला की प्रश्न चार पुन्हा विचारायचा हा आमचा नियम आहे. घरी कोणी चिनी बोलतं का?"

"नाही."

"शाळेत? शेजारी? कामवाली?"

"कार्टूनमधून आलं असेल."

"पडद्यावरून इतकं येत नाही, असा आमचा अनुभव. समोर माणूस लागतो. रोज. महिनोन्महिने." मग त्यांनी सातव्या प्रश्नावर पेन टेकवलं. "ये आपकी सगी बहन हैं ना?"

"हो," अंजू म्हणाली.

प्रश्न, अंजूचा, धैर्यशीलला.

"आपली मुलगी रोज पाच तास कुठे असते, तुला माहितीये का?"

धैर्यशील गोदामातल्या कॉम्प्युटरची देखभाल करतो. घरी आला की आधी मोजे काढतो आणि मग बोलतो. एक मोजा हातात धरून तो म्हणाला, "रत्नमालाकडे. का?"

"डॉक्टरीण म्हणते, स्पृहाचा मेंदू चिनी ऐकतोय."

"छान. मग दहावीनंतर बीजिंगला पाठवू."

"धैर्य, मी चेष्टा करत नाहीये. कोणीतरी माणूस रोज आपल्या मुलीच्या समोर बसतो. वर्षभर. आणि आपल्याला पत्ता नाही."

"मला तर त्या बाईचाच संशय येतो. फुकटात कोण कोणाचं डोकं मोजतं? खेळणं काय देतात, आलेख काय देतात."

"विषय बदलू नकोस."

"बरं, मग विचार रत्नमालाला सरळ."

"आणि खोटं बोलली तर? ती सावध होईल."

"मग नको विचारू. काढून घे पोरीला."

"आणि ठेवू कुठे? नोकरी सोडू?"

त्याने दुसरा मोजा काढला. त्या घरातून पोरीला काढायचं तर अंजूची नोकरी जाणार, आणि तिथेच ठेवायची तर आत काय चाललंय हे कळलंच पाहिजे. मधला रस्ता नव्हता.

प्रश्न, स्पृहाला, गाडीत.

"पिल्लू, मावशीकडे दुपारी कोणी येतं का गं?"

"नो."

"कोणीच नाही?"

"नोबडी कम्स."

"मावशी तुला सोडून कुठे जाते?"

"नो, ममा. व्हाय आर यू आस्किंग लाइक पोलीस?"

अंजूने आरशात बघितलं. पोरगी खिडकीबाहेर बघत होती. ओठ हलत होते, आवाज नव्हता. हे ती नेहमीच करते की आजच? अंजूला आठवेना. घाणेरडं वाटलं ते, स्वतःच्या पोरीचे ओठ वाचायचा प्रयत्न करणं. पण नजर हटत नव्हती.

प्रश्न, बदरुद्दीनला.

बदरुद्दीन त्या बिल्डिंगचा रखवालदार, इथल्या बोलीत हारिस. बांगलादेशचा. जिन्याखाली त्याची खोली, दारात किटली.

"बारा नंबर में दोपहर को कौन आता है, भाई?"

"कोई नहीं आता मैडम. मेरे को बिना पूछे इधर बिल्ली भी नहीं आती."

उत्तर फार लवकर आलं. आणि देताना तो तिच्या बुटांकडे बघत होता. ती वळली तेव्हा काचेत तिला दिसलं, त्याने लगेच मोबाइल काढला होता.

त्या संध्याकाळी रत्नमाला स्पृहाला घेऊन खाली आली ती नेहमीपेक्षा जास्त हसत. दप्तर, डबा, पाण्याची बाटली, सगळं न विसरता. "येतंय हां, अंजूताई," म्हणाली. लिफ्टचं दार बंद होईपर्यंत हसू तसंच होतं.

बुधवार.

अंजूने पोटदुखीचं कारण सांगितलं आणि दीडला ऑफिसातून निघाली. बदरुद्दीन दुपारच्या नमाजाला गेला असेल असा अंदाज होता. तो खरा ठरला. ती जिन्याने चढली. लिफ्टचा आवाज वर ऐकू जातो.

बारा नंबरच्या आतून हसण्याचा आवाज येत होता. पोरांचा, आणि एका बाईचा. रत्नमालाचा नव्हे.

बेल वाजवली. हसणं थांबलं. दार उघडायला वेळ लागला, आणि उघडलं ते वीतभरच.

"अंजूताई? आज लवकर?"

"आत येऊ का?"

"स्पृहाला पाठवते की खाली..."

अंजूने दार ढकललं. जोर लागला नाही. रत्नमालाने स्वतःच सोडलं.

पहिल्या दिवशी बंद असलेली ती खोली आता सताड उघडी होती. आत एक पलंग, दोरीवर लहान मुलाचे कपडे, कोपऱ्यात भात शिजवायचा विजेचा डबा. हॉलमध्ये प्लास्टिकच्या चटईवर तिशीतली एक चिनी बाई बसली होती, ताटलीत बांगड्याचे काटे काढून ठेवत. तिच्या शेजारी पाचेक वर्षांचा एक मुलगा. आणि घरी जिला अंड्याचा वाससुद्धा चालत नाही, ती स्पृहा, हाताला माशाचा मसाला.

"ही फांग," रत्नमाला म्हणाली. आवाज पडलेला. "तो तिचो झील, हाओ."

स्पृहाने आईकडे बघितलं, घाबरली बिबरली नाही. "ममा! वॉच!" आणि फांगकडे वळून तिने काहीतरी सांगितलं, चार-पाच शब्द, घाईघाईने, जसं आपण आपल्या माणसाला सांगतो.

फांग अवघडून उठायला बघत होती. पण पोरांनी तिला पुन्हा खाली ओढलं. ती हलकेच म्हणाली, "तांग." दोघांनी हात पुढे केले. तिने काल्पनिक गोळी दोघांच्या तळहातावर ठेवली. पुन्हा म्हणाली, "तांग." दोघं धाडकन चटईवर आडवी झाली आणि खिदळली. पुन्हा. हात पुढे. पुन्हा. आडवी. दर वेळी तेच अक्षर; एका सुरात गोळी, दुसऱ्या सुरात आडवं हो, एवढाच काय तो फरक असणार. अंजू कान टवकारून ऐकत होती, रोज ज्या नेटाने पडदे तपासते तितक्याच नेटाने. तिला दोन्हींत काडीचाही फरक ऐकू येत नव्हता. स्पृहा एकदाही चुकली नाही.

मग पोरीने ताटली ढकलली. "मावशे, माका भात नको गो आणखी."

कुडाळच्या पोरीसारखं. आणि आईशी मात्र, "वॉच." अंजूला कुठेतरी खोल चिमटा बसला. पण ती इथे भांडायला आली होती.

"कोणी येत नाही म्हणे इथे!"

"येत खंय? राहतात ती," रत्नमाला म्हणाली. "वर्ष झालं. तिचा घोव जहरा गावाच्या पुढे साइटवर. कंपनीच्या जागेत बायकापोरांक घेत नाहीत. फक्त शुक्रवारी येतो. ती एकटी पोराला घेऊन कुठे जाईल? खोली दिली."

"आणि मला सांगावंसं नाही वाटलं?"

"सांगितलं असतं तर ठेवली असतीत पोरगी? आपलीच माणसं हवीत, मराठीच पडायला हवं, कोण म्हणालं होतं?"

"पण कोणाच्या हातात देतेय ते मला कळायला नको? काही झालं असतं म्हणजे?"

"माझ्या हातात दिलीत. माझ्याच हातात होती. एक मिनिट सोडून गेले नाही मी, विचारा तिला." मग रत्नमालाच्या कपाळावर आठी पडली. तिने हळू विचारलं, "तुम्हाला सांगितलं कोणी? बदरुद्दीनने?"

"कोणी नाही."

"मग?"

अंजूने सांगितलं. टोपी, वायरी, कानातले सूर, वर गेलेली आणि खाली आलेली रेघ. सांगताना तिलाच ते विचित्र वाटायला लागलं.

प्रश्न, रत्नमालाचा.

"चेडवाच्या डोक्याक वायरी लावून माझ्या घरातला बघलात?"

"तसं नाही ते..."

"मग कसं? तिला बोलायला लागलं नाही, मला विचारायला लागलं नाही. तिच्या डोक्यातून काढलंत."

"ती चाचणी त्यासाठी नव्हती."

"त्या कागदावर माझं नाव आहे?"

अंजूने होकाराची मान हलवली.

"फ्लॅट नंबर?"

"आहे."

"आणि मी तुमची कोण?"

"बहीण."

"सख्खी?"

"सख्खी."

"बरी बहीण," रत्नमाला म्हणाली. तिच्या तोंडावर हसू नव्हतं. "अंजूताई, भाडेकरारात माझा घोव आणि मी, दोघंच. तिसरा माणूस ठेवायचा नाही असं लिहिलंय. उद्या तुमची डॉक्टरीण चिनी बोलणारा माणूस शोधत इथे आली तर? किंवा तो कागद दुसऱ्या कोणाच्या हातात गेला तर? हिला हाकलतील, आम्हालाही. आणि तुम्ही तुमच्या ऑफिसात असाल."

फांगला शब्द कळत नव्हते, पण तिने हाओला जवळ ओढलं होतं आणि ती अंजूकडे बघत होती. घरात शिरलेल्या परक्या माणसाकडे बघतात तशी.

अंजूने तिथेच फोन लावला आणि स्पीकर चालू केला, रत्नमालाला ऐकू यावं म्हणून.

घरात चिनी बोलणारं माणूस आहे हे ऐकताच फखरुन्निसाबाईंचा आवाज एकदम तरतरीत झाला. "तो मिल गया! मैंने कहा था ना. बस, सातवा प्रश्न दुरुस्त करून द्या. रोज किती तास, किती महिने, बोलणाऱ्याचं वय. ऐसी बच्ची हमें फिर कहाँ मिलेगी, अंजूजी! पुढच्या वर्षी सहा वर्षांची असताना पुन्हा बघू, रेघ अजून लवकर खाली येते का."

"त्यात त्यांचं नाव येईल?"

"नाव वेगळ्या कागदावर असतं, कुलुपात. आम्ही फक्त नंबर वापरतो."

"कुलूप उघडता येता ना?" रत्नमाला पुटपुटली.

बाईंनी ते ऐकलं. "आपके पास और कोई है?"

"मॅडम, मला स्पृहाचं नाव काढून घ्यायचंय," अंजू म्हणाली. "सगळंच. दोन्ही वर्षांचं."

बाईंनी समजावलं, मग विनवलं, मग आवाज कोरडा झाला. लेखी द्या, उद्या या.

अंजू गुरुवारी रुमैथियाला गेली. सही केली. दोन्ही फॉर्म आणि दोन्ही आलेख पाकिटात घातले आणि सालमियाला आणून रत्नमालाच्या हातात दिले. इंग्रजी तुकारामला वाचता येतं. त्याने बल्बखाली धरून एकेक ओळ बोटाने वाचली आणि पाकीट बायकोकडे दिलं.

"ही झेरॉक्स तर नाही ना?" रत्नमालाने विचारलं.

"शाईची सही आहे. बघा, पाठीमागे उमटलीये."

रत्नमालाने कागद उलटा करून बघितला. अंगठा फिरवला. "आणि त्यांच्या कॉम्प्युटरात?"

"काढून टाकू म्हणाल्या."

"म्हणाल्या," रत्नमालाने तेवढंच म्हटलं. "रविवारी बघू."

रविवार.

शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपून शाळेची बस पाऊण वाजता आली तेव्हा अंजू फुटपाथवर उभी होती. रत्नमाला येईल का, आली तर घेईल का, आणि नाही घेतलं तर आत्ता, या क्षणी, पोरीला घेऊन कुठे जायचं, हे सकाळपासून चाललेलं.

रत्नमाला खाली आली. स्पृहा पळत जाऊन तिच्या कमरेला बिलगली. रत्नमालाने तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि मग तो हात दप्तराकडे गेला. लिफ्टसमोरच्या फरशीवर तिने दप्तर ओतलं. कुठे वायर, बटण लपलंय का म्हणून वह्या एकेक झटकल्या. डब्याचं झाकण काढून आत पाहिलं, पेन्सिलींचा डबा उघडून टोकयंत्र फिरवून बघितलं, पाण्याची बाटली कानाशी हलवली. बदरुद्दीन किटली हातात घेऊन दारात थांबला होता.

"मावशी, व्हॉट आर यू लुकिंग फॉर?" स्पृहाने विचारलं.

"काय नाय गो."

आतल्या कप्प्याची चेन अडकली होती. रत्नमालाला ती उघडेना. अंजू गुडघ्यावर बसली आणि तिने ती स्वतःच ओढून, कप्पा दोन्ही हातांनी रुंद करून, तिच्यासमोर धरला.